फिकट दिसणारा सीलर: आठ महिने वापरून झाल्यावर

रूट कॅनॉल करताना मुळातली नळी, म्हणजे कॅनॉल, भरतात तेव्हा फटी बुजवायला जे सिमेंट लागतं ते सीलर. जूनमध्ये बायोसिरॅमिक प्रकारच्या तयार सीलरची पहिली सिरिंज घेतली. त्याआधी बारा वर्षं दोन ट्यूबवाला इपॉक्सी रेझिन सीलर वापरत होतो. समसमान काढायचा, घोटायचा, घाई नाही. आरव्हीजीवर, म्हणजे दाताच्या डिजिटल एक्स-रेवर, तो इतका लख्ख उठायचा की पेशंटलाही कळायचं, पैसे कुठं गेले.

नव्या सीलरची पहिली केस गडहिंग्लजच्या एका काकांची, डावीकडची खालची दाढ. उजवीकडची मीच चार वर्षांपूर्वी जुन्या सीलरने केलेली. दोन्ही एक्स-रे स्क्रीनवर शेजारी लावले. काका चष्मा वर करून म्हणाले, "ह्या बाजूला सिमेंट कमी पडलंय की वो डॉक्टर." कमी पडलं नव्हतं. पण क्षणभर मलाही तसंच वाटलं.

डीलरच्या माणसाला विचारलं तर उत्तर एकच, "सर, रेडिओओपॅसिटी एक्सलंट आहे." म्हणजे एक्स-रेत पांढरा दिसण्याची क्षमता. किती, ते माहितीपत्रकातही नाही. सीलरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६८७६ सांगतं, १ मिलिमीटर जाडीचा सीलर किमान ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमइतका पांढरा दिसला पाहिजे. डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कठीण भाग, साधारण जाडीला जाडी ॲल्युमिनियमसारखंच दिसतं, म्हणून हा फरक हवाच. नाहीतर दात कुठला आणि सीलर कुठला, कळणार कसं?

शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींकडून ॲल्युमिनियमचा दहा पायऱ्यांचा बारका जिना करून घेतला. प्रत्येक पायरी १ मिलिमीटर, सगळा मिळून सेन्सरवर मावेल एवढा. भंगारातला तुकडा नको, तांबं मिसळलेला असेल तर मोजमाप चुकतं, एवढं बजावलं. मिस्त्री म्हणाले, "एवढ्या जिन्यावरनं कोण चढणार हाय?"

१ मिलिमीटर जाडीच्या वॉशरमध्ये दोन्ही सीलर भरून, घट्ट झाल्यावर जिन्याशेजारी ठेवून एक्स-रे काढले. पहिल्या खेपेचे वाया गेले, कारण सॉफ्टवेअर आपणहून काँट्रास्ट वाढवत होतं. ते बंद केल्यावर बायोसिरॅमिक चौथ्या पायरीशी जुळला. इपॉक्सी दहावीच्याही पुढे, जिना संपला. म्हणजे नवा नापास नाही, काठावर पासही नाही. माझेच डोळे जुन्या चकचकाटाला सोकावलेले.

त्यानंतर एक्स-रे वाचायची पद्धत बदलली. कॅनॉलमध्ये जे पांढरं दिसतं त्यातलं बरंचसं गटापर्चाचं, म्हणजे कॅनॉल भरायच्या रबरासारख्या कांडीचं असतं. त्यात झिंक ऑक्साइड आणि बहुधा बेरियम सल्फेट असतं, म्हणून तो उठून दिसतो. सीलर म्हणजे भोवतीचा पातळ थर. तो फार पांढरा असेल तर मधली पोकळी झाकली जाते, हे मला जुन्याच केसेस पुन्हा उघडून बघताना पटलं. सरळ एक्स-रेत भरगच्च वाटलेली एक दाढ तिरक्या कोनातून घेतली, तर मेझियल, म्हणजे पुढच्या बाजूच्या, कॅनॉलच्या मधोमध काळी रेघ. आता प्रत्येक दाढेला दोन कोन घेतोच.

फिकटपणाचा तोटा मात्र खरा आहे. दोन कॅनॉलमधल्या बारीक फटीत गेलेला सीलर पूर्वी दिसायचा, आता अंदाज करावा लागतो. मुळाच्या टोकाबाहेर गेलेला थेंबही पुसट दिसतो. खालच्या दाढेखाली नस असते, तिथं हा अंदाज मला परवडत नाही. मुळं नसेच्या अगदी जवळ असली की मी अजून इपॉक्सीच घेतो.

बाकीचं थोडक्यात. घोटायची कटकट गेली. दर दाताला सीलरचा खर्च जवळजवळ तिप्पट. पुन्हा उघडायची वेळ आली तर जड जातो, एकदाच आली आणि घाम निघाला. आणि हा ओलाव्यावर घट्ट होणारा माल. कोल्हापूरच्या जुलैत एका संध्याकाळी टोपण सैल राहिलं. सकाळी सिरिंजच्या तोंडाशी दगड. असिस्टंटला बोललो, नंतर आठवलं की शेवटची केस मीच बंद केली होती. तेव्हापासून सिरिंज हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत.

जानेवारीत काका सहा महिन्यांच्या तपासणीला आले. मुळाखालची काळी सावली, म्हणजे हाड झिजल्याची खूण, निम्म्याहून लहान झालेली. त्यांनी पुन्हा दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, "फिकटच हाय अजून." मग डाव्या बाजूनं चिक्की खाऊन दाखवली. ती खाऊ नका, असं मी सांगितलं होतं.

सध्या दोन्ही सीलर ड्रॉवरमध्ये आहेत आणि जिनाही. कुणी नवा सीलर घेऊन आला की आधी वॉशर पुढे करतो.