टेन्स-ईएमएस मशीन, दोन चॅनलवालं: पॅरालिसिसच्या हातासाठी घेतलं

आईला पॅरालिसिसचा झटका आला त्यात उजवी बाजू गेली, पाय बऱ्यापैकी सावरला पण हाताची मूठ अशी आवळलेली की नखं तळव्यात रुतायची आणि आत घाम साठून वास यायचा. घरी येणाऱ्या फिजिओ मॅडमनीच सांगितलं की रोज मला बोलवण्यापेक्षा कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देणारं छोटं मशीन घ्या, म्हणून ऑनलाइन मागवलं.

घेताना नुसतं टेन्स लिहिलेलं घेऊ नका. टेन्स दुखणं कमी करायला, त्यात झिणझिण्या येतात बस, स्नायू हलवायला ईएमएस मोड लागतो. दुकानदार पॅरालिसिस म्हटलं की काहीही गळ्यात मारतात. ह्यात दोन्ही मोड आहेत आणि सगळं वेगवेगळं सेट होतं, मॅडमनी ३५ हर्ट्झ (सेकंदाला करंटचे ३५ ठोके म्हणजे पल्स), प्रत्येक पल्स ३०० मायक्रोसेकंदाचा, ५ सेकंद चालू १५ बंद असं लावून दिलंय. करंट हळूहळू चढतो हे फार बरं, एकदम दणका बसला की आवळलेला हात अजून आवळतो.

पॅड मूठ वळणाऱ्या स्नायूवर नाही लावायचे, उलट बाजूला, कोपराखाली हाताच्या मागच्या अंगाला. तिकडचा स्नायू ओढला गेला की मूठ वळणारा ढिला पडतो. पॅड जरा सरकला की बोटं राहतात बाजूला आणि मनगटच तिरकं होतं, त्यामुळे पेनाने खूण करून ठेवलीय. करंट आला की "आई, उघड मूठ" म्हणायचं, तिने स्वतः जोर लावलाच पाहिजे, टीव्ही बघत नुसतं लावून बसण्यात फारसा अर्थ नाही. नंतर थोडा वेळ हात सैल राहतो तेवढ्यात नखं कापून तळवा धुवून घेते. कायमचा मोकळा झालाय असं अजिबात नाही.

पाऊल लोंबतंय म्हणून घेणार असाल तर चालताना हे कामाचं नाही, कारण हे ठरलेल्या सेकंदांनी चालू-बंद होतं, पावलाप्रमाणे नाही. लिबरसन नावाच्या डॉक्टरने १९६१ मध्येच टाचेखाली स्विच लावून, टाच उचलली की करंट सुरू, अशी सोय केली होती, तसलं मशीन वेगळं मिळतं आणि महाग पडतं. पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातही लावू नका. आणि नसच तुटली असेल तर ह्याने स्नायू हलणार नाही, त्याला लांब पल्सवालं मशीन लागतं.

वायरी अगदीच फालतू, पिनेपाशी तुटतात. पॅडही लवकर सुकतात, पाण्याचं बोट फिरवून थोडे दिवस ढकलता येतात पण कडेने सुटायला लागले की टाका, तिथे चटका बसतो. पाचपैकी चार स्टार, मागवताना जास्तीचे पॅड सोबतच मागवा.