क्लासचं ‘कॉन्फिडन्स पॅकेज’: दिवाळीपासून आत्तापर्यंतचा अनुभव

क्लासचं नाव घेत नाही. बेळगावात बँकेच्या परीक्षेची तयारी कुठं कुठं होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. शिकवण्याबद्दल तक्रार नाही. फीशिवाय वेगळे ३,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, असं जे ‘कॉन्फिडन्स पॅकेज’ गळ्यात मारतात त्याबद्दल लिहितोय.

मिळतं काय? एक डायरी, एक कप, आठवड्याला सरांचा एक फोन आणि रोज पहाटे साडेपाचला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ. या ऑडिओनं डोकं उठवलंय. ‘उठा विजेत्यांनो!’ आणि मागं ढोल-ताशा. फॉर्मवर नंबर माझा, फोन माझ्या उशाशी. क्लास जिच्यासाठी, ती माझी पोरगी सहापर्यंत निवांत झोपते, विजेता रोज मीच उठतो. मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, ती सपाटून आपटली त्याच्या दुसऱ्या दिवशीही तोच ऑडिओ, तेच ढोल. बंद करा म्हणून सांगायला गेलो तर काउंटरवरची बाई म्हणते, ‘काका, पॅकेजमधलं एकच बंद होत नाही.’ पैसे परत मागितले तर, ‘कप वापरलाय की तुम्ही.’

तेव्हाच लिहिलं असतं तर एकही स्टार दिला नसता. पण मध्येच फोनवाले सर बदलले. नवे सर निपाणीकडचे, बोलणं बेताचं. त्यांनी आधी मॉकचा पेपर मागवला. प्रिलिम्सला, म्हणजे पहिल्या फेरीच्या परीक्षेला, १०० प्रश्न, ६० मिनिटं, चुकलं की पाव गुण वजा, हे तुम्हाला माहीतच आहे. आमची पोरगी गोल बसलेल्या माणसांच्या कोड्यात अडकली की उठायचीच नाही. सरांनी सांगितलं, या आठवड्यात फक्त सोपे प्रश्न सोडव, कोड्याला हात लावू नकोस. पुढच्या आठवड्यात, दीड मिनिटात धागा सापडला नाही तर सोड. पेपरच्या फोटोवर लाल अक्षरात लिहून आलं: ‘हा सोडलास, बरं केलंस.’ शाबासकी एवढीच. तो फोटो तिनं आईला दाखवला, मामाला पाठवला.

कन्नडचंही तसंच. कर्नाटकातल्या क्लार्कच्या जागेला कन्नड यावं लागतं. शाळा मराठी, घर मराठी. वाचता येतं, पण तोंड उघडत नव्हतं. सरांनी बसपासून सुरू केलं. कर्नाटकात बायकांना बस मोफत आहे, त्या ‘शक्ती’ योजनेत तिकीट शून्याचं, पण खानापूर-बेळगाव बसमध्ये स्टॉप कन्नडातच सांगायचा. मग पोस्टाचं काउंटर, मग बँक. बँकेतल्या कॅशियरनं तिच्या कन्नडला मराठीत उत्तर दिलं, हे बेळगाव आहे! तरी त्या दिवशी घरी येऊन बाई जेवता जेवता कन्नडात बोलत होती.

मी निवृत्त मास्तर, म्हणून सांगतो: अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ सालीच मांडलंय की स्वतःच्या हातून काम पार पडल्यावर जो भरवसा येतो तो सगळ्यात पक्का, दुसऱ्यानं ‘तुला जमेल’ म्हणून आलेला फार टिकत नाही. आता ती कमी प्रश्न सोडवते आणि गुण जास्त आणते.

सरांच्या फोनला पाचपैकी साडेचार, ऑडिओला शून्य. नवीन घेणाऱ्यांनी नुसता फोन मागावा. ‘होत नाही’ म्हणतील, पण बसून राहा. मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकावर बसलो, तेव्हा पुढच्या वेळचं नुसत्या फोनचं १,२०० वर आलं. आणि पावती जीएसटी नंबरची घ्या, पहिल्यांदा मला साध्या कागदावर लिहून दिली होती.