राजवट कोसळल्यानंतर वस्तीवर पहारा कोणाचा असावा?

राजवट कोसळते त्या रात्री चौकीतला शिपाई गणवेश उतरवून घरी निघून जातो, आणि दारावर थाप पडली तर हाक कोणाला मारायची, हा प्रश्न गावातल्या सगळ्यांत लहान समाजापुढे उभा राहतो. अशा वेळी पहिला भर कशावर द्यायचा हे अंतरिम सरकारात, आंतरराष्ट्रीय यंत्रणेत किंवा मदतसंस्थेत बसून ज्यांना ठरवावे लागते, त्यांच्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात: बाहेरची फौज, त्या समाजाची स्वतःची सशस्त्र पथके आणि छाननी करून कामावर परत बोलावलेले पोलीस.

बाहेरच्या फौजेचे बळ संख्येत नसून तिला मिळालेल्या हुकमात असते. ९ एप्रिल २००३ रोजी बगदाद पडले तेव्हा शहरात अमेरिकी रणगाडे होते. तेल मंत्रालयावर पहारा बसला, पण राष्ट्रीय संग्रहालय पुढच्या दोन-तीन दिवसांत लुटले गेले, कारण लूट रोखणे हे आपले काम आहे असे त्या सैनिकांना कोणी सांगितलेलेच नव्हते. कोसोवोतला दाखला याहून बोलका आहे. जून १९९९ मध्ये सर्बियाची सत्ता तिथून हटली आणि नाटोच्या नेतृत्वाखालील फौज आली. मार्च २००४ मध्ये बहुसंख्य अल्बेनियनांच्या जमावाने अल्पसंख्य सर्बांविरुद्ध दंगल केली, तेव्हा प्रिझ्रेन येथे जर्मन सैनिकांनी सर्ब ख्रिस्ती मठातल्या साधूंना सुखरूप बाहेर काढले, पण मठ जमावाच्या हाती सोडला आणि तो जळाला. याच दंगलीत देचानीचा चौदाव्या शतकातला मठ मात्र वाचला, कारण तिथले इटालियन सैनिक जागेवरून हलले नाहीत. फौज एकाच आघाडीची होती, तरी दोन ठिकाणचे वर्तन इतके वेगळे होते. या मार्गाची दुसरी अडचण अशी की देचानीवरचा पहारा पाव शतकानंतरही उठवता आलेला नाही.

स्वतःची पथके उभारण्यामागची वेदना समजण्यासारखी आहे. ३ ऑगस्ट २०१४ रोजी इस्लामिक स्टेटचे लढवय्ये चालून आले तेव्हा उत्तर इराकमधल्या सिंजारमधून कुर्द सैनिक, म्हणजे पेशमर्गा, माघारी गेले आणि यझिदी या अल्पसंख्य धर्माची कुटुंबे उघडी पडली. तीनच दिवसांनी निनेवे मैदानातल्या कराकोश या ख्रिस्ती गावावर तीच वेळ आली आणि हजारो माणसे रातोरात एर्बिल या कुर्दांच्या शहराकडे निघाली. ज्यांच्यावर विसंबलो तेच न सांगता निघून गेले, हे सोसलेल्या माणसाला शस्त्र हाती घेऊ नकोस असे सांगण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. तरीही निर्णय घेणाऱ्याने पुढचे पाहायला हवे. नंतर उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती आणि यझिदी पथकांपैकी काहींना बगदादचा आश्रय मिळाला, तर काहींना कुर्दांचा, आणि एकाच समाजाच्या बंदुका वेगवेगळ्या धन्यांच्या झाल्या. सीरियातल्या सुवेदात जुलै २०२५ मध्ये सरकारी दले आणि सशस्त्र टोळ्या चालून आल्या तेव्हा द्रूझ या अल्पसंख्य धर्मसमाजाच्या पथकांनी आपल्या वस्त्यांसाठी लढा दिला. पण त्याच संघर्षात शेजारच्या बेदुईन (भटक्या अरब जमातीच्या) कुटुंबांनाही घरे सोडावी लागली.

तिसरा मार्ग, म्हणजे पोलीस ठाणे पुन्हा उघडणे, सगळ्यांत कंटाळवाणा दिसतो आणि बहुतेक ठिकाणी तोच सर्वाधिक उपयोगी असतो. इराकमध्ये अमेरिकी प्रशासनाच्या मे २००३ च्या दोन आदेशांनी सद्दाम हुसेनच्या बाथ पक्षाच्या वरिष्ठ सदस्यांना सरकारी नोकऱ्यांतून काढले आणि सैन्य बरखास्त केले. लाखो शस्त्र चालवणारी माणसे पगाराविना घरी बसली. पुढे पोलिसांची भरती घाईघाईने, नीट छाननी न करता झाली आणि पक्षांच्या सशस्त्र टोळ्या गणवेश घालून आत शिरल्या. या दोन चुका परस्परविरुद्ध भासतात, पण दोन्हींचे मूळ एकच: माणूस तपासून ठेवायचा की काढायचा, हे कष्टाचे काम कोणी केले नाही. १ ऑगस्ट २००४ रोजी बगदाद आणि मोसुलमधल्या चर्चवर एकाच दिवशी बॉम्बहल्ले झाले आणि त्यानंतर ख्रिस्ती कुटुंबांचे देश सोडणे वाढत गेले.

बांगलादेशात ५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना यांची सत्ता कोसळल्यावर काही दिवस पोलीस कामावर नव्हते. त्या दिवसांत हिंदूंची घरे, दुकाने आणि मंदिरे यांच्यावर हल्ले झाले, आणि अनेक ठिकाणी मुस्लिम शेजारी व विद्यार्थी रात्रभर मंदिरांबाहेर पहारा देत बसले. या माणुसकीचे मोल मोठे आहे, पण शेजाऱ्याला तक्रार नोंदवता येत नाही, आरोपी पकडता येत नाही आणि दिवसा पोटापाण्यासाठी जावेच लागते. त्यामुळे असा पहारा ठाणे सुरू होईपर्यंतचा पूल म्हणूनच धरावा.

म्हणून हाती मर्यादित पैसा आणि माणसे असतील तर पहिला खर्च पोलिसांच्या पगारावर आणि वैयक्तिक छाननीवर व्हावा, आणि प्रत्येक ठाण्यात अल्पसंख्य समाजाचे काही शिपाई असावेत, असे मी सुचवेन. बाहेरची फौज मिळत असेल तर तिला नेमक्या वस्त्या आणि प्रार्थनास्थळे नेमून द्यावीत, आणि जमाव चालून आल्यास काय करायचे याचा लेखी हुकूम आधीच मिळवावा. जिथे यापैकी कोणीच पोहोचणार नाही तिथे समाजाची पथके अपरिहार्य ठरतात. त्या वेळी ती एकाच नेतृत्वाखाली असावीत, त्यांच्या शस्त्रांची नोंद असावी आणि ठाणे सुरू झाल्यावर ती शस्त्रे कोणाकडे जमा होतील हे शेजारच्या समाजाच्या प्रमुखांसमक्ष पहिल्याच दिवशी ठरवून घ्यावे.