केबलवाल्याचं नेट घ्यावं की मोठ्या कंपनीचं?

नव्या घरात सामान लागतं न लागतं तोच नेटचा प्रश्न येतो. एकीकडे जिओ, एअरटेल, टाटा प्ले फायबर यांसारखी मोठी नावं. दुसरीकडे त्या भागातला केबलवाला किंवा एखादी छोटी इंटरनेट कंपनी, जिचं नाव दोन चौक ओलांडले की कुणाला माहीत नसतं. माझं मत आधीच सांगून टाकते. इमारतीत परवाना असलेला, कामाला चोख असा स्थानिक पुरवठादार असेल तर पहिली पसंती त्याला द्या. मात्र तो तसा आहे का, हे तपासूनच. आणि काही घरांनी सरळ मोठ्या कंपनीकडेच जावं, तेही पुढे सांगते.

तंत्र तेच, मग फरक कुठे?

स्थानिक नेट म्हणजे दुय्यम दर्जाचं, हा समज आधी बाजूला ठेवू. फायबर असेल तर दोघांकडेही घरापर्यंत बहुधा जीपॉन, म्हणजे एकाच फायबरवरून अनेक घरांना नेट देण्याचं, हेच तंत्र असतं. एका पोर्टवरून साधारण अडीच जीबीपीएस उतरतं आणि स्प्लिटरमधून (फायबरला फाटे फोडणाऱ्या डबीतून) ३२ किंवा ६४ घरांत वाटलं जातं. छोटी कंपनी वरची बँडविड्थ, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटशी जोडणारी क्षमता, मोठ्यांकडून घाऊक घेते आणि जमलं तर मुंबईतल्या एक्स्चेंजवर (जिथे कंपन्या आपापली नेटवर्क एकमेकांना जोडतात) गूगल, नेटफ्लिक्ससारख्यांशी थेट जोडून घेते. समुद्राखालच्या बऱ्याच केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, त्यामुळे ठाण्या-पुण्यातल्या छोट्या कंपनीला हे तुलनेने सोपं जातं.

खरा फरक पडतो तो वरून किती बँडविड्थ घेतली यात. ग्राहक वाढत गेले आणि मालकाने हात आखडता घेतला, की दुपारी १०० एमबीपीएस दाखवणारं नेट रात्री साडेनऊला रडायला लागतं. म्हणून त्याच पुरवठादाराचं कनेक्शन असलेल्या शेजाऱ्याकडे स्पीड टेस्ट करायची ती रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान. टेस्टचा सर्व्हर त्याच कंपनीचा न घेता दुसऱ्या शहरातला निवडा. सेल्समनने फोनवर दाखवलेला आकडा धरू नका, मग तो कुणाचाही असो.

दुरुस्ती

माझ्या दृष्टीने निर्णय इथेच होतो. आमच्या गल्लीत पावसाळ्यात गुलमोहराची फांदी कोसळली आणि खांबांवरून गेलेल्या सगळ्या फायबर घेऊन खाली आली. घराघरांत राउटरशेजारच्या डबीवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागला. एका मोठ्या कंपनीच्या ग्राहकांना तक्रार क्रमांक आला, 'आपल्या भागात तांत्रिक अडचण आहे' असा मेसेज आला, आणि माणूस आला तिसऱ्या दिवशी. स्थानिक कंपनीचा मुलगा त्याच संध्याकाळी शिडी घेऊन हजर होता. त्याने तुटलेली टोकं सोलली, स्पिरिटने पुसली, क्लीव्हरने सरळ कापली आणि ती जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनमध्ये ठेवली. बोटभर पडद्यावर केसाएवढे दोन धागे समोरासमोर आले, एक ठिणगी उडाली आणि जोडात किती सिग्नल गळतो त्याचा आकडा उमटला: ०.०२ डेसिबल. मग घरात येऊन त्याने सिग्नलची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला, तो उणे एकवीस दाखवत होता. उणे सत्तावीसच्या खाली गेलं की डबी सिग्नल धरत नाही, हेही त्याने न विचारता सांगितलं.

मोठ्या कंपन्यांकडे असे हात नसतात असं नाही. त्यांचे तंत्रज्ञही बहुतेक ठेकेदाराचे आणि तितकेच कसबी. पण त्यांची दिवसाची कामं दूरवरच्या संगणकावरून ठरतात, आणि आमच्या गल्लीतली फांदी त्या यादीत कितवी हे ठरवणारा आमच्या गल्लीत राहत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. स्थानिकाकडे असा एकच मुलगा असेल आणि तो गणपतीला गावी गेला, की तुम्ही ताटकळत बसलात. त्याच्या कंट्रोल रूमची वीज गेली आणि बॅटरी दमली तर अख्ख्या वॉर्डाचं नेट जातं. मुख्य फायबर एकाच रस्त्याने येत असेल तर महापालिकेच्या एका खोदकामात सगळं बंद. मोठ्यांकडे शहरात सहसा दुसरा मार्ग तयार असतो. म्हणून केबलवाल्याला तीन गोष्टी तोंडावर विचारा: वरची लाइन किती कंपन्यांकडून घेता, दुसरा मार्ग आहे का, वीज गेली तर किती तास चालतं? चांगला माणूस या प्रश्नांवर खुलून बोलतो. जो उडवाउडवी करतो, त्याच्याकडे जाऊ नका.

भाव, आणि भाव कशामुळे टिकतो

आजच्या घडीला भावात फार अंतर नाही. जिओने सप्टेंबर २०१९ मध्ये घरगुती फायबर ६९९ रुपयांपासून सुरू केलं आणि वर्षभरातच ३० एमबीपीएसचा ३९९ रुपयांचा प्लॅन आणला. या किमतींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. 'अमर्याद' म्हणवणाऱ्या प्लॅनवरही महिन्याला साधारण ३३०० जीबीची मर्यादा असते, पण बहुतेक घरं तिथवर पोचतच नाहीत. स्थानिक कंपन्या याच्या आसपासच भाव लावतात आणि सहा महिन्यांचे एकदम भरले तर सवलत देतात.

हा भाव टिकतो तो समोर दुसरा उभा आहे म्हणून. मोबाइलमध्ये काय झालं ते आपल्या डोळ्यांदेखत झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, काही महिने सगळं फुकट मिळालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत एअरसेल, आरकॉम, टेलिनॉर, टाटा डोकोमो बाजारातून गेले, व्होडाफोन आणि आयडिया एक झाले. जुलै २०२४ मध्ये उरलेल्या तिन्ही खासगी कंपन्यांनी एक-दोन दिवसांच्या अंतराने दर वाढवले. ज्याला ते पटलं नाही त्याच्यापुढे बीएसएनएलखेरीज वाट नव्हती. घरच्या फायबरमध्ये अजून ती वेळ आलेली नाही, आणि ती येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

पण 'स्थानिक' दिसतं ते सगळं स्थानिक असतंच असं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये रिलायन्सने हॅथवे आणि डेन या केबल कंपन्यांतला बहुसंख्य हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. एअरटेलही अनेक ठिकाणी केबलवाल्यांना भागीदार करून घेते, बीएसएनएलचं फायबरही पुष्कळ भागांत स्थानिक भागीदारच चालवतात. त्यामुळे ओळखीचा चेहरा बघून न थांबता बिलावर कुणाचं नाव आहे ते बघा. इंटरनेटचा परवाना तीन वर्गांत मिळतो: 'अ' म्हणजे सगळा देश, 'ब' म्हणजे एक दूरसंचार मंडळ, 'क' म्हणजे त्याहून छोटा टापू. आपल्याकडे मुंबई हे वेगळं मंडळ आहे, आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. परवाना कुणाच्या नावावर आहे, हे सांगायला मालक कां-कूं करत असेल तर त्याचं कनेक्शन घेऊ नका.

केरळमध्ये छोट्या केबलवाल्यांनी एकत्र येऊन स्वतःची कंपनी उभी केली. आज दूरसंचार नियामक ट्रायच्या मासिक अहवालात तारेच्या ब्रॉडबँडमधल्या पहिल्या पाचांत जिओ, एअरटेल, बीएसएनएल आणि एसीटीसोबत त्यांच्या केरळ व्हिजनचं नाव असतं. महाराष्ट्रातल्या केबलवाल्यांनी त्या तोडीचं काही उभं केलं नाही, याची मला खंत आहे.

मोठ्या कंपनीकडे कुणी जावं

दर वर्षी-दोन वर्षांनी शहर बदलणाऱ्यांनी. मोबाइल, टीव्ही, नेट सगळं एका बिलात हवं असणाऱ्यांनी. जिथे फायबर पोचलंच नाही, तिथे २०२३ पासून मिळणारं एअरफायबर, म्हणजे टॉवरवरून विनावायर येणारं घरचं नेट, हा चांगला आधार आहे, फक्त टॉवरवर गर्दी वाढली की वेग पडतो, म्हणून संध्याकाळचा वेग बघून घ्या.

घरातले कॅमेरे बाहेरून बघायचे असतील किंवा ऑफिसला ठरावीक आयपी (कनेक्शनचा इंटरनेटवरचा पत्ता) लागत असेल, तर दोघांकडेही आधीच विचारा. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते कमी पडतात म्हणून एकच पत्ता अनेक घरांत वाटला जातो, आणि मग बाहेरून थेट तुमच्या घरापर्यंत पोचता येत नाही. स्थानिक माणूस जादा पैसे घेऊन स्वतंत्र पत्ता सहसा लगेच देतो.

तक्रारीच्या बाबतीत कागदावर मोठी कंपनी सरस, कारण तिथे प्रत्येक गोष्टीचा क्रमांक असतो आणि वर अपिलाची सोय. स्थानिकाकडे फोन आणि व्हॉट्सअॅप. पण कायदा दोघांनाही लागू आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवा स्पष्टपणे आली आहे, आणि अशा वादात ग्राहक आयोगाकडे (पूर्वीच्या ग्राहक मंचाकडे) जाता येतं हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ठामपणे सांगितलं. १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक जवळ ठेवा. स्थानिकाकडे केलेली प्रत्येक तक्रार लेखी करा, तोंडी नको.

सोसायटीच्या कमिटीसाठी

हा भाग मी सोसायटीची सचिव म्हणून कळकळीने लिहिते आहे. एखादी कंपनी येते, ऑफिसला फुकट कनेक्शन आणि वर्षाला काही रक्कम देऊ करते, आणि बदल्यात इमारतीत दुसऱ्या कुणाची वायर येऊ द्यायची नाही असं कलम घालते. मसुदा आमच्यापुढेही आला होता. रक्कम सभासदांत वाटली तर घरटी महिन्याला चहाचा खर्चही निघाला नसता, आणि तेवढ्यासाठी सगळ्यांची निवड गेली असती. आम्ही ते कलम काढायला लावलं. इमारतीतल्या वायरींच्या डक्टमध्ये किमान तिघांची जागा ठेवा, प्रत्येकाच्या वायरीला नावाची पट्टी लावून घ्या, आणि त्यांच्या यंत्रांचं वीजबिल ज्याचं त्याला भरू द्या.

घरून काम करणाऱ्यांना दोन कनेक्शन लागतातच. एक स्थानिक, एक मोठं असं घ्या, पण दोन्ही वायरी एकाच खांबावरून येत नाहीत ना, ते गच्चीवर जाऊन स्वतः बघा. तसं असेल तर दुसरं कनेक्शन वायरीऐवजी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ठेवलेलं बरं.

कुणाचंही घ्या, पहिलं रिचार्ज एकाच महिन्याचं करा. डबी आणि राउटर कुणाच्या मालकीचे, अनामत किती, ती परत कधी मिळणार, हे पावतीवर लिहून घ्या. बारा महिन्यांची सवलत एक पावसाळा काढल्यावर घ्या.