मात्रा वाढवायची, औषध बदलायचं की दोन औषधं मिसळायची?

फवारणी होऊन चार दिवस झाले, तरी अळ्या पानावर जशाच्या तशा. अशा वेळी तीन वाटा सुचतात: मात्रा वाढवणं, औषध बदलणं किंवा दोन औषधं एकत्र करून मारणं. निवड करण्याआधी एक खात्री करून घ्या. अळ्या मोठ्या झाल्या होत्या, फवारा पानाच्या खालच्या बाजूला पोचलाच नाही, नोझल झिजलं होतं किंवा लगेच पाऊस आला, अशा कित्येक गोष्टींचं खापर किडीच्या प्रतिकारशक्तीवर फुटतं. लहान अळ्यांवर, लेबलवरच्या मात्रेत, पान नीट भिजवूनही कीड मरत नसेल तरच खालची तुलना कामाची.

मात्रा वाढवण्याबद्दल फार बोलायला नको. प्रतिकार पक्का झालेल्या किडीला मारायला कधी कधी शंभरपट औषध लागतं, तिथे दीडपटीने काय होणार? उलट मित्रकीटक मरतात, मालात अवशेष राहतात आणि जी कीड वाचते तिचीच पैदास पुढे वाढते.

खरी चुरस उरलेल्या दोघांत आहे.

औषध आलटून पालटून वापरायचं तर आधी लेबलवरचा गट क्रमांक बघा, म्हणजे औषध किडीवर कशा पद्धतीने काम करतं ते सांगणारा आकडा. कंपनी आणि नाव बदललं म्हणजे औषध बदललं असं नाही. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम दोन्ही 4ए गटातली, तर क्लोरँट्रानिलीप्रोल आणि फ्लुबेंडियामाइड दोन्ही 28 मधली. एका गटातली औषधं किडीच्या शरीरात एकाच जागी घाव घालतात. मज्जातंतूतल्या सोडियम वाहिनीत एक छोटासा जनुकीय बदल झाला की सगळीच पायरेथ्रॉइड्स (सायपरमेथ्रिनच्या जातीची औषधं) कमजोर पडतात, आणि गंमत म्हणजे त्याच बदलाने डीडीटीही निकामी होतं.

बदल करायचा तो किडीच्या पिढीगणिक, दर फवारणीला नव्हे. कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची पिढी उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत पुरी होते. आई-बापावर जो गट मारला, तो पिलांवर नको. आणि हे एकट्याने करून भागत नाही, पतंग बांध ओळखत नाहीत. 1983 मध्ये ऑस्ट्रेलियात घाटेअळी पायरेथ्रॉइड्सना दाद देईना, तेव्हा ती औषधं हंगामाच्या ठरावीक काळातच वापरायची असं पूर्ण भागासाठी ठरलं. प्रतिकार थांबला नाही, पण लांबला.

अदलाबदलीतही एक फट आहे. काही किडी औषध शरीरातच पचवून निकामी करतात, आणि ते पचवणारं विकर (एन्झाइम) गट क्रमांक बघत नाही. पांढऱ्या माशीतलं एक विकर इमिडाक्लोप्रिडही पचवतं आणि 9बी गटातलं पायमेट्रोझिनही. कागदावर गट वेगळे, माशीला दोन्ही सारखेच.

मिश्रणामागचा तर्क आकर्षक आहे: एका औषधातून वाचलेली कीड दुसऱ्याने मरेल. पण अटी कडक आहेत. दोन्ही घटक त्याच किडीवर आजही चालणारे हवेत, गट वेगळे हवेत, दोघांचा असर साधारण सारखेच दिवस टिकायला हवा आणि दोन्ही पूर्ण मात्रेत हवेत. अर्धं-अर्धं टाकलं तर किडीला दोन्ही औषधांची सवय एकदम लागायची. शिवाय एका घटकाला कीड आधीच सरावली असेल, तर पंपात औषधं दोन असली तरी काम एकच करतं आणि खर्च मात्र दोन्हींचा.

म्हणून माझा कौल अदलाबदलीला. कुठलं औषध निकामी झालं हेही त्यात लवकर कळतं. मिश्रणात ते झाकलेलं राहतं. मिश्रण वापरायचंच तर दोन्ही घटक अजून धडधाकट असताना, आणि लेबलवर परवानगी असेल तरच.

मावा आणि अळी एकदम आली म्हणून दोन औषधं एकत्र केली, तर ती गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक किडीवर बहुधा एकच घटक लागू पडतो, म्हणजे प्रतिकाराच्या हिशेबात ते मिश्रण नव्हेच. पुढच्या पिढीला दोन्ही गट बदला, आणि वहीत तारखेसमोर दोन्ही क्रमांक लिहा.