जुन्या रिसीव्हरसाठी मागवलेली अवजारे आणि झालेली फसवणूक

व्हॉल्व्हवर, म्हणजे ट्रान्झिस्टरपूर्वीच्या काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालणारा एक जुना कम्युनिकेशन रिसीव्हर (दूरचे रेडिओ संदेश ऐकण्याचा संच) दुरुस्त करत असताना अवजारांच्या खरेदीत माझी फसवणूक झाली. गेलेल्या पैशांपेक्षा त्या अवजारांमुळे निकामी झालेल्या दोन भागांचे दुःख मला जास्त आहे, कारण ते भाग आता कोणी बनवत नाही.

कॉलिन्सच्या आर-३९०ए सारख्या अमेरिकी रिसीव्हरमध्ये नॉब शाफ्टवर आवळणारे स्क्रू साध्या षट्कोनी (अॅलन) खाचेचे नसून ब्रिस्टल पद्धतीचे असतात. त्या खाचेला चार किंवा सहा दाते असतात आणि दात्यांच्या कडा जवळजवळ उभ्या असल्यामुळे पान्याचा जोर खाच फाकवण्यात न जाता स्क्रू फिरवण्यात लागतो. अॅलनचा पाना तेथे बसल्यासारखा वाटतो, पण जोर दिला की दाते झिजवतो. माझ्या रिसीव्हरमध्येही असेच स्क्रू असल्यामुळे मी ब्रिस्टल पान्यांचा संच आणि आयएफ ट्रान्सफॉर्मर (रिसीव्हरमधील मध्यम वारंवारतेच्या कॉइल) जुळवण्यासाठी लागणारे, धातू नसलेले अलाइनमेंट स्क्रूड्रायव्हर शोधत होतो. एका विक्रेत्याकडे दोन्ही वस्तू ‘मूळ कंपनीच्या, न वापरलेल्या जुन्या साठ्यातील’ म्हणून मिळाल्या. छायाचित्रांत जीर्ण कापडी पिशवी आणि त्यावरचा पुसट शिक्का स्पष्ट दिसत होता, मात्र पान्याच्या टोकाचे समोरून काढलेले एकही छायाचित्र नव्हते. तेवढे एक मी मागितले असते, तर व्यवहार तेथेच थांबला असता.

हाती आलेले पाने म्हणजे अॅलनच्या पान्यांच्या टोकांना कानशीने खाचा पाडून वर काळा मुलामा दिलेले तुकडे होते. पहिल्याच स्क्रूमध्ये पान्याचे दाते पिळवटून तुटले आणि तुकडा खाचेत रुतला. शेवटी स्क्रू ड्रिलने कोरून काढावा लागला आणि त्यात नॉबही तडकला. नंतर त्याच पान्यावर मी कानस घासून पाहिली, तेव्हा ती सहज रुतली. नीट कडक केलेल्या पोलादावर कानस घसरते, हे मला माहीत असूनही ही परीक्षा मी आधी केली नव्हती.

अलाइनमेंट स्क्रूड्रायव्हरची लबाडी ओळखायला अधिक वेळ लागला. मी ४५५ किलोहर्ट्झचा सिग्नल देऊन ट्रान्सफॉर्मरच्या कॉइलमधला गाभा (खाच असलेला, फिरवून आत-बाहेर करता येणारा चुंबकीय तुकडा) फिरवत असे, मीटरचा काटा सर्वोच्च बिंदूवर येई आणि अवजार बाहेर काढताच तो खाली पडे. दोष ट्रान्सफॉर्मरमध्येच आहे असे समजून मी दोन संध्याकाळी त्यात घालवल्या. प्रत्यक्षात प्लास्टिकच्या दांड्याच्या टोकाला काळ्या रंगाखाली पोलादाची पात होती. लोखंड कॉइलमध्ये शिरले की तिचा इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला विरोध करण्याचा गुण) वाढतो आणि अनुनादाची, म्हणजे ती कॉइल ज्यावर सर्वाधिक प्रतिसाद देते ती, वारंवारता खाली येते, म्हणजे मी प्रत्येक वेळी त्या पातीसकट जुळवणी करत होतो. पात खाचेपेक्षा जाडही होती, आणि तिसऱ्या प्रयत्नात ठिसूळ गाभा उभा चिरला. अशा अवजाराला लोहचुंबक लावून पाहावे, पण तेवढ्यावर विसंबू नये, कारण पितळेला चुंबक ओढत नाही आणि पितळेची पात वारंवारता उलट दिशेने सरकवते. खाचेत न फिरवता नुसते टोक आत-बाहेर करावे. काटा हलला तर ते अवजार त्या कामाचे नाही.

याच विक्रेत्याने सोबत ‘१००० व्होल्टचा’ म्हणून पाठवलेल्या स्क्रूड्रायव्हरचे आवरण बोटांनी ओढताच सुटले. विजेच्या कामाच्या अवजारांसाठीच्या आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बनवलेल्या अवजारावर दोन त्रिकोणांचे चिन्ह आणि १००० व्होल्टचा उल्लेख असतो. यावर दोन्ही नव्हते. व्हॉल्व्हच्या संचात २५० व्होल्टच्या आसपासचा दाब सामान्य आहे आणि संच बंद केल्यावरही वीज साठवणाऱ्या फिल्टर कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो, त्यामुळे हा प्रकार मला सर्वांत गंभीर वाटतो.

तक्रार केल्यावर ‘तुम्हाला वापरता आले नाही’ असे उत्तर मिळाले, मग परत घेण्याचे आश्वासन मिळाले, आणि आश्वासनांवर आश्वासने देत परतीची मुदत संपवण्यात आली. त्यानंतर तीच कापडी पिशवी, तोच शिक्का आणि कोपऱ्यातला तोच तेलाचा डाग असलेले छायाचित्र मला दुसऱ्या विक्रेत्याच्या नावाने पुन्हा विक्रीला लावलेले दिसले. तेथेही पान्यांची टोके समोरून दाखवलेली नाहीत.