नमपायचे स्प्लिट आणि अ‍ॅरे_स्प्लिट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मराठवाड्यातील ७६ तालुक्यांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, तिच्या नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीने तपासण्याचे काम मी लातूरला गेले आठ महिने करीत आहे. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस होतात, म्हणून माझ्या अ‍ॅरेत (आकड्यांच्या तक्त्यात) ७६ ओळी आणि १२२ रकाने असतात आणि त्याचे महिनावार व जिल्हावार तुकडे करावे लागतात.

पहिल्या आठवड्यात चार महिने वेगळे करण्यासाठी मी स्प्लिट या तुकडे करणाऱ्या फंक्शनला फक्त ४ हा आकडा दिला. अ‍ॅक्सिस, म्हणजे तोडण्याची दिशा, न सांगितल्यास ओळी तोडल्या जातात आणि ७६ ला ४ ने नि:शेष भाग जातो. त्यामुळे प्रत्येकी १९ तालुक्यांचे चार गट कसलीही तक्रार न होता हाती आले आणि मी ते महिने समजून बसलो. चूक लक्षात आल्यावर अ‍ॅक्सिस १ (म्हणजे रकाने) दिला, तेव्हा १२२ चे चार समान भाग होत नसल्याने स्प्लिटने व्हॅल्यू एरर दिली. ती टाळण्यासाठी मी अ‍ॅरे_स्प्लिटकडे वळलो, आणि खरे नुकसान तिथे झाले. ते फंक्शन उरलेले दिवस पहिल्या तुकड्यांना एकेक करून वाटते, म्हणून ३१, ३१, ३०, ३० असे तुकडे पडले. आकडे महिन्यांसारखे दिसतात, पण जून तर ३० दिवसांचा. १ जुलै जूनमध्ये गेला, १ ऑगस्ट जुलैमध्ये गेला, आणि बरोबर आला तो फक्त सप्टेंबर. १ जुलैला आर्द्राचा एखादा जोरदार पाऊस झाला, तर तो जूनच्या खात्यात जमा होतो. पेरणी वेळेवर झाली की नाही हे जूनच्या पावसावरून पाहणाऱ्या आमच्या भागात हा फरक क्षुल्लक नाही.

तेव्हापासून मी तुकड्यांची संख्या देत नाही, तोडण्याच्या जागा देतो : ३०, ६१, ९२. जिल्ह्यांसाठी तर दुसरा मार्गच नाही, कारण नांदेडचे तालुके १६ आणि हिंगोलीचे ५. आठही जिल्ह्यांच्या तालुक्यांच्या संख्यांची कमसम (चढती बेरीज) काढून ती यादी द्यावी, मात्र शेवटचा ७६ वगळावा. तो राहिला तर नववा, रिकामा तुकडा मिळतो आणि त्याची सरासरी नॅन (‘आकडा नाही’ अशी खूण) येते.

वेगाबद्दल तक्रार नाही, कारण दोन्ही फंक्शने डेटाची प्रत न काढता मूळ अ‍ॅरेचेच व्ह्यू, म्हणजे त्याच डेटाकडे पाहणाऱ्या खिडक्या, देतात. पण त्याच कारणाने मी एकदा फसलो. आमच्या फाइलमध्ये नोंद नसलेल्या दिवशी उणे १ असतो. ऑगस्टची बेरीज करताना मी त्या तुकड्यात उणे १ च्या जागी शून्य भरले आणि मूळ अ‍ॅरेतही शून्य झाले. पाऊस न पडणे आणि पाऊस न मोजला जाणे यांतला भेदच पुसला गेला, आणि बीडच्या एका तालुक्यात पावसाचा खंड होता त्यापेक्षा नऊ दिवसांनी लांब दिसू लागला. आता तुकड्यात काही बदलायचे असेल, तर आधी कॉपी काढतो.